कॅमेरा म्हातारा कुठून होतो

मार्च 2018 मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेवरचा एक कॅमेरा बंद पडला. निकट-अतिनील प्रकाशात आकाश टिपणारा हा कॅमेरा 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून वर गेला होता, म्हणजे जेमतेम अडीच वर्षे चालला. त्याच यंत्रात आणखी दोन कॅमेरे होते, एक दूर-अतिनील आणि एक दृश्य प्रकाशाचा. ते चालत राहिले. ॲस्ट्रोसॅटचे आयुष्य पाच वर्षांचे धरले होते. ती मुदत उलटून गेल्यावरही दूर-अतिनील कॅमेरा निरीक्षणे देत होता. तिघांची बनावट जवळजवळ सारखी, तिघेही एकाच प्रयोगशाळेत जोडलेले, एकाच रॉकेटातून गेलेले, एकाच कक्षेत फिरणारे. तरी एक लवकर गेला आणि दोन टिकले.

ती प्रयोगशाळा बंगळुरूपासून सुमारे 35 किलोमीटरवर, होसकोटे इथे आहे. कोरमंगला भागात मुख्यालय असलेल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा तिथे परिसर आहे आणि त्यातल्या एम. जी. के. मेनन प्रयोगशाळेत हे यंत्र, म्हणजे यूव्हीआयटी, जोडले गेले. पुण्याची आयुका, मुंबईची टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांचा त्यात वाटा होता. शहराच्या गच्चीवरून तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्या हौशी माणसाला अवकाशातल्या या यंत्राकडून शिकण्यासारखे खूप आहे, कारण आकाशाचे फोटो काढणारा कॅमेरा किती वर्षे चालतो आणि कशाने संपतो, याच्या नोंदी इतक्या बारकाईने दुसरीकडे क्वचितच ठेवल्या जातात.

यूव्हीआयटीतले कॅमेरे आपल्या कॅमेऱ्यांहून वेगळ्या तऱ्हेने काम करतात. प्रकाशाचा एक कण पुढच्या पातळ थरावर आदळला की तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेल्या काचेच्या चकतीत शिरतो. चकतीला मोठा विद्युतदाब दिलेला असतो. त्याच्या जोरावर, नळीच्या भिंतींवर आपटत आपटत, एका इलेक्ट्रॉनाचे लाखो होतात. ते चमकणाऱ्या पडद्यावर पडून ठिपका उमटवतात आणि मागचा 512 गुणिले 512 पिक्सेलचा सीमॉस सेन्सर तो ठिपका टिपतो. असा कॅमेरा प्रकाशकण एकेक करून मोजू शकतो. पण त्याची किंमत असते: नळ्यांतून जितका विद्युतभार बाहेर काढाल तितकी त्यांची क्षमता हळूहळू उतरते. इथे प्रकाश खरोखरच कॅमेऱ्याचे आयुष्य खातो. म्हणून यूव्हीआयटीकडून निरीक्षण हवे असेल, तर त्या भागात मर्यादेपेक्षा तेजस्वी तारा नाही ना, हे आधी तपासावे लागते. चुकून असा तारा समोर आलाच, तर यंत्रणा स्वतःहून विद्युतदाब खाली आणते.

दुसरी काळजी पहिल्या दोन महिन्यांतली. उपग्रहाचे सुटे भाग, रंग, चिकटद्रव्ये यांच्यातून निर्वातात वाफा सुटतात. त्यांचा अगदी पातळ थर आरशावर बसला आणि त्यावर अतिनील किरण पडले, की तो घट्ट चिकटून बसतो आणि नेमका अतिनील प्रकाशच अडवतो. म्हणून यूव्हीआयटीची झाकणे उड्डाणानंतर दोन महिने बंद ठेवली होती. ती 30 नोव्हेंबर 2015 रोजी उघडली. कोट्यवधी रुपये खर्चून वर पाठवलेले यंत्र साठ दिवस डोळे मिटून ठेवायला जो संयम लागतो, त्याचे मला फार कौतुक वाटते. नंतर काय मिळाले तेही बघा. ऑक्टोबर 2016 मध्ये याच यंत्राने आकाशाच्या एका तुकड्याकडे 28 तास पाहिले. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या निरीक्षणातून 9.3 अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या, एयूडीएफएस01 नावाच्या दीर्घिकेतून आलेला तीव्र अतिनील प्रकाश शोधून काढला. 2020 मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरसा अवघा 375 मिलिमीटरचा. पण सेन्सरचा स्वतःचा गोंगाट इतका कमी होता की ती पुसट खूण त्यात बुडाली नाही. कॅमेऱ्याचे आयुष्य मोजायचे ते याच कसोटीवर. कॅमेरा चालू होतो का, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याचा गोंगाट किती वाढला, हा खरा.

आता गच्चीवर या. आपल्या हातातल्या, खास आकाशछायाचित्रणासाठी बनवलेल्या थंड करता येणाऱ्या कॅमेऱ्यात सिलिकॉनचा सेन्सर असतो. ताऱ्यांच्या प्रकाशाने सिलिकॉन झिजत नाही. प्रकाशकण आला, इलेक्ट्रॉन सुटला, मोजला गेला, पिक्सेल रिकामा झाला. पुढच्या एक्स्पोजरला तो पुन्हा जसाच्या तसा तयार. पाच मिनिटांची हजारो एक्स्पोजर घेतली तरी त्या मोजणीमुळे सेन्सरचे काही बिघडत नाही. जुना कॅमेरा घेताना लोक हमखास विचारतात, ‘किती तास वापरलाय?’ सेन्सरपुरता तरी या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. त्याला इजा करणाऱ्या गोष्टी वेगळ्या. सूर्य ही पहिली: गाळणी न लावता दुर्बीण सूर्याकडे वळली, तर एकवटलेल्या उष्णतेने सेन्सर आणि त्यावरची रंगीत जाळी क्षणात खराब होऊ शकते. दुसरी गोष्ट सावकाश काम करते आणि ती आपल्याला टाळता येत नाही.

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात दुय्यम कणांचा पाऊस सतत चालू असतो. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. आज हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचे क्षेत्रफळ पावणेचार चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे पाच मिनिटांच्या एका फ्रेममध्ये अठरा-वीस म्यूऑन सेन्सरमधून आरपार जातात. फ्रेमवर दिसणाऱ्या बारीक रेघा आणि ठिपके बऱ्याचदा त्यांचे असतात. ते त्या फ्रेमपुरते दिसतात आणि जातात. खरा घाव घालतात ते न्यूट्रॉन. एखादा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या जाळीतल्या अणूवर आदळला तर तो अणू जागेवरून हलतो. त्या फटीतून इलेक्ट्रॉन अंधारातही गळत राहतात आणि तो पिक्सेल कायमचा ‘हॉट’ होतो. विमाने ज्या उंचीवर उडतात तिथे न्यूट्रॉनचा मारा जमिनीच्या शेकडो पट असतो. परदेशातून विमानाने मागवलेला कोरा कॅमेरा काही हॉट पिक्सेल सोबत घेऊन आला तर त्यात नवल नाही.

अवकाशात हाच प्रकार फार वेगाने घडतो. हबल दुर्बिणीचे सीसीडी कॅमेरे उणे 80 अंशांच्या आसपास चालतात आणि त्यांत रोज नवे हॉट पिक्सेल जन्मतात. म्हणून साधारण महिन्यातून एकदा त्या सेन्सरना मुद्दाम नेहमीच्या तापमानापर्यंत गरम होऊ देतात. हललेले अणू बऱ्याच ठिकाणी सावरतात आणि नव्या हॉट पिक्सेलांपैकी पुष्कळसे बरे होतात. सगळे होत नाहीत. शिवाय एका पिक्सेलकडून दुसऱ्याकडे विद्युतभार सरकवत नेण्याची सीसीडीची क्षमता वर्षागणिक उतरते, त्यावर तापवण्याचा इलाज चालत नाही. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेला तर हा धडा पहिल्या काही आठवड्यांतच मिळाला. 23 जुलै 1999 ला ती वर गेली आणि पृथ्वीभोवतालच्या प्रारण-पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन तिच्या आरशांवरून घरंगळत थेट कॅमेऱ्यावर पोचले. दहापैकी आठ सीसीडींची प्रत घसरली. उरलेल्या दोघांची रचना उलटी होती, विद्युतभार वाहणारा थर आत खोल होता, म्हणून ते वाचले. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना तो कॅमेरा आरशाच्या नाभीतून बाजूला सरकवून ठेवतात. ॲस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताशी फक्त 6 अंशांचा कोन करते आणि उंची 650 किलोमीटर. दक्षिण अटलांटिकवरच्या कुप्रसिद्ध प्रारण-क्षेत्राची फक्त कड तिला लागते. कक्षा निवडण्यातच अर्धी निगा होऊन गेली.

आपल्यासाठी यातली उपयोगाची गोष्ट अशी की हॉट पिक्सेल हा गणिताने सुटणारा प्रश्न आहे. झाकण लावून, त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाच्या डार्क फ्रेम घ्यायच्या आणि त्यांची सरासरी फोटोतून वजा करायची. फक्त चार वर्षांपूर्वीच्या डार्क फ्रेम आज वापरू नयेत, कारण दरम्यान नवे पिक्सेल बिघडलेले असतात. वर्षातून एकदा नवा संच घ्यावा आणि जुना फेकू नये. दोन्ही संच शेजारी ठेवले की सेन्सरचे वय डोळ्यांना दिसते.

सेन्सर असा चिवट आहे. मग कॅमेरे मरतात कशाने? बंगळुरूत तरी पहिले उत्तर दमट हवा.

पुण्या-मुंबईच्या निरीक्षकाला वाटते, पाऊस सप्टेंबरात आटोपतो आणि कोजागिरीला आकाश धुऊन निघते. बंगळुरूत तसे नाही. इथे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच सर्वाधिक पावसाचे महिने, आणि त्यानंतर ईशान्य मोसमीचे ढग नोव्हेंबरातही रेंगाळतात. खात्रीचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने कॅमेरा पेटीत. ही विश्रांती त्याला मानवत नाही.

कारण समजून घेऊ. सेन्सरमध्ये अंधारात गळणारे इलेक्ट्रॉन दर सहा-सात अंशांनी दुप्पट होतात. रात्रीची हवा 20 अंश असताना सेन्सर उणे 10 वर नेला, तर ही गळती सुमारे 20 ते 30 पटींनी घटते. हे थंड करण्याचे काम पेल्टिअर नावाची चकती करते: वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम, गरम बाजूची उष्णता पंखा बाहेर टाकतो. पण 20 अंश तापमानाच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू 16 अंशांच्या जरा वर असतो. उणे 10 वरच्या सेन्सरला अशी हवा लागली तर त्यावर दव जमेल, मग त्याचे बर्फ होईल. म्हणून सेन्सरची कोठडी रबरी कड्यांनी बंद केलेली असते आणि आत ओलावा शोषणाऱ्या गोळ्या ठेवतात. रबर वर्षांनुवर्षे थोडे थोडे कडक होते, बारीकशी हवा आत येते, गोळ्या भरून जातात. एके दिवशी फोटोच्या मधोमध धुरकट, कोळ्याच्या जाळ्यासारखा डाग दिसतो. तो बर्फ असतो. कॅमेरा गरम झाला की जातो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण प्रत्येक वेळी वितळलेले पाणी सेन्सरच्या कडेच्या बारीक तारांवर आणि जोडांवर राहते आणि गंज तिथून सुरू होतो.

गोळ्या काढून, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला तापवून पुन्हा बसवता येतात. हे काम ऑगस्टच्या पावसाळी संध्याकाळी मुळीच करू नये. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालण्यासारखे ते होईल. फेब्रुवारी-मार्चमधली कोरडी दुपार निवडावी. आणि ओव्हनमध्ये जातात त्या फक्त गोळ्या, कॅमेरा कधीही नाही. हबलचे सेन्सर गरम करतात हे वाचून कुणी घरी तसला प्रयोग करू नये. हबलचे ‘गरम’ म्हणजे आपल्या खोलीतले तापमान. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून, 40 ते 50 टक्क्यांवर ठेवावा. भिंगांवरची बुरशीही त्यानेच टळते. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून तासभर चालवला, तर पंख्याचे वंगण मोकळे राहते आणि काही बिघडले असेल तर डिसेंबरातल्या पहिल्या चांगल्या रात्रीच्या आधीच कळते.

मोठ्या वेधशाळाही या ओलाव्याशीच झगडतात, त्यांची रीत मात्र निराळी. लडाखमध्ये हानले इथे, 4500 मीटरवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. सप्टेंबर 2000 मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिले आणि ती चालवतात होसकोट्याहून, उपग्रहाच्या दुव्याने. तिच्यावरच्या कॅमेऱ्याचा सीसीडी निर्वात भांड्यात, द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेला असतो. हवाच नाही तर दव कुठले? पण निर्वातही कायमचा टिकत नाही. भांड्याच्या भिंतींतून रेणू सुटत राहतात, निर्वात कमी होत जातो, नायट्रोजन लवकर उडून जाऊ लागतो, आणि पंप लावून भांडे पुन्हा रिकामे करावे लागते. अशी निगा ठराविक काळाने होत राहते म्हणून व्यावसायिक कॅमेरे वीस-वीस वर्षे चालतात. निगेविना तेही चालले नसते.

पेल्टिअर चकतीचे दुखणे वेगळे. तिच्यात सिरॅमिकच्या दोन पट्ट्यांमध्ये अर्धवाहकाचे डझनावारी छोटे ठोकळे डाखाने जोडलेले असतात. एक बाजू आकुंचन पावते, दुसरी फुगते, आणि हा ताण प्रत्येक थंड-गरम फेरीत डाखावर येतो. तापमान झटकन उतरवले तर ताण जास्त. म्हणून मिनिटाला दोन-तीन अंशांच्या बेताने खाली यावे आणि काम संपल्यावर तसेच हळू वर जावे. पहाटे झोप अनावर झाली म्हणून सरळ वायर उपटू नये. उणे 10 वर फोटो चांगले येत असतील तर उणे 20 चा अट्टाहास कशाला? आपल्या शहरांतून उजळलेल्या आकाशाचाच गोंगाट इतका असतो की त्या दहा अंशांनी चित्रात फरक दिसत नाही. चकतीचे आयुष्य मात्र कमी होते.

शटरचा हिशेब मला फार उद्बोधक वाटतो, कारण तिथे भीती भलत्याच जागी असते. डीएसएलआरच्या शटरची क्षमता साधारण एक ते दोन लाख उघडझापींची सांगतात. पाच मिनिटांची एक्स्पोजर सहा तास घेतली तर एका रात्री 72 उघडझापी. वर्षाला पन्नास रात्री धरल्या तर 3600. एक लाख गाठायला जवळजवळ 28 वर्षे लागतील. पण फोटो सुधारण्यासाठी दर रात्री शंभरेक फ्लॅट आणि बायस फ्रेम घेतल्या तर आकडा वर्षाला 8600 होतो आणि आयुष्य बारा वर्षांच्या आत येते. दर दहा सेकंदांनी एक फोटो घेऊन टाइमलॅप्स बनवणाऱ्याचे शटर सहा तासांत 2160 वेळा उघडते. त्याचे एक लाख 46 रात्रींतच संपतात. खास आकाशासाठी बनवलेल्या आजच्या बहुतेक सीमॉस कॅमेऱ्यांत यांत्रिक शटरच नसते, त्यामुळे ही चिंता उरत नाही. त्यांचे हलणारे भाग म्हणजे पंखा. त्याखेरीज यूएसबीचे भोक, ज्याला लोंबती केबल रात्रभर ओढत असते. केबल दुर्बिणीच्या नळीला पट्टीने बांधून टाकली की हा बिघाड बहुतांशी टळतो. 12 व्होल्टची जोडणी उलट लागणे, गाडीच्या बॅटरीतून येणाऱ्या विजेतले चढउतार, याही गोष्टी सेन्सरच्या कितीतरी आधी कॅमेऱ्याचा घात करतात. आणि एकदा सर्किट गेले की ते इथे दुरुस्त होणे अवघड; बहुतेक वेळा कॅमेरा परत उत्पादकाकडे परदेशात पाठवावा लागतो.

याशिवाय एक मरण असे की ज्यात कॅमेऱ्याला काहीच झालेले नसते. 1990 च्या दशकात एसबीआयजी कंपनीचा एसटी-7 हा हौशी लोकांचा नावाजलेला सीसीडी कॅमेरा होता. तो संगणकाच्या पॅरलल पोर्टला जोडावा लागे. तो सेन्सर आजही प्रकाश मोजेल, पण तसे पोर्ट असलेला संगणक आणि त्यावर चालणारा ड्रायव्हर सांभाळणे हाच एक उद्योग होऊन बसतो. 2015 मध्ये सोनीने सीसीडीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला, त्यानंतर हौशी बाजार सीमॉसकडे वळला. म्हणून चालू कॅमेऱ्याचे ड्रायव्हर, त्याचे सॉफ्टवेअर आणि ते ज्यावर चालते तो जुना लॅपटॉप जपून ठेवावा, असा माझा आग्रह असतो. आणि मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइली तर हमखास जपाव्यात. कोडाईकनाल वेधशाळेत 1904 पासून सूर्याचे फोटो काचेच्या तबकड्यांवर घेतले गेले. तेव्हाची उपकरणे जाऊन नवी आली. त्या तबकड्या मात्र आता डिजिटल झाल्या आहेत आणि सौरडागांची शंभराहून अधिक वर्षांची चाल त्यांतून अभ्यासता येते.

यूव्हीआयटीच्या चमूने स्वतःच्या कॅमेऱ्यावर पाळत ठेवण्याची एक साधी पद्धत वापरली, ती आपल्यालाही जमेल. ध्रुवताऱ्याजवळचा एनजीसी 188 हा तारकागुच्छ ते पुन्हा पुन्हा टिपत राहिले. तारे तेच, त्यांची तेजस्विता माहीत; आकडा बदलला तर बदल यंत्रात. बंगळुरूहून हा गुच्छ क्षितिजाजवळ राहतो. त्याऐवजी कर्क राशीतला एम67 घ्यावा, तो इथून जवळजवळ डोक्यावर येतो. दरवर्षी फेब्रुवारीत, चंद्र नसताना, तीच दुर्बीण, तेच तापमान, तेवढाच वेळ. पाच वर्षांचे पाच फोटो एकावर एक ठेवले की काय उतरले ते कळते. तारे मंद वाटले तर आधी आरसा आणि काच पुसून पाहावी. दोष बहुधा धुळीचा निघतो.

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यानेही हीच नजर ठेवावी. विक्रेत्याकडे उणे 10 अंशांवरची, पाच मिनिटांची डार्क फ्रेम मागावी. जुनी असेल तर तीही. कॅमेरा दमट संध्याकाळी दोन तास थंड ठेवून, पांढऱ्या पडद्यासमोर फोटो घेऊन बघावा, मधे डाग धरतो का. पंख्याचा आवाज ऐकावा, यूएसबीचे भोक हलते का पाहावे. आणि पेल्टिअरला किती टक्के वीज लागते आहे ते सॉफ्टवेअरमध्ये बघावे. हवा 22 अंश असताना उणे 10 गाठायला एखादा कॅमेरा पूर्वी 55 टक्के घेत असेल आणि आज 80 घेत असेल, तर पंख्यात धूळ साचली आहे, उष्णता वाहणारी लेप-पेस्ट सुकली आहे किंवा चकतीच थकली आहे. पहिली दोन कामे कुशल माणूस एका दुपारीत करून देतो. चकती बदलायची झाल्यास सेन्सरची कोठडी उघडावी लागते, तेव्हा तो खर्च धरूनच किंमत ठरवावी.